चौथा खंड संपेपर्यंत

मी, साळूबाई भिवाजी मांडेकर, वय पंचाहत्तरच्या पुढे (नेमकं कुणी लिहून ठेवलं नाही, आणि ज्यांना आठवत होतं ते गेले), धंदा पूर्वी शेती व हल्ली ऐकणे, राहणार मौजे चांदे, तालुका मुळशी, जिल्हा पुणे, आज शनिवारी माझ्याच घरात, मागच्या दाराशी बसून हे मृत्युपत्र सांगत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही, चहाशिवाय काही पाजलेलं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं होतं असं कुणी कागद नाचवत म्हणाला तर त्याला त्या कागदासकट बाहेर काढावं.

मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलते आणि आमच्या उत्तरेकडच्या खोलीत भाड्याने राहणारी मृण्मयी लिहिते. ही मूळची औशाची, हिंजवडीत कंपनीत कामाला. तिला म्हटलं आहे की माझं बोलणं जरा शहाण्यासारखं करून लिही, पण अर्थ फिरवू नकोस. ती म्हणते, "आजी, मृत्युपत्रात 'धंदा ऐकणे' असं लिहीत नाहीत."

"तू लिही. खोटं हाय का?"

शेजारी बंडोपंत आगाशे गुरुजी बसले आहेत. ते गावच्या शाळेतून निवृत्त झाले त्याला बराच काळ झाला, पण कागद दिसला की त्यांचा हात अजून चुका शोधायला पुढे येतो. कायद्याचं काही चुकलं तर ते खाकरतील, असं ठरलं आहे.

कलम १. राहतं घर आणि त्यामागच्या भाड्याच्या खोल्या. चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस ओढा, उत्तरेस आमचंच भातखाचर, दक्षिणेस माझी जाऊ गंगूबाई आणि तिची जीभ. (गुरुजी खाकरले. जीभ राहू दे, मृण्मयी.) यातली उत्तरेकडची शेवटची खोली सोडून बाकी सगळं माझा मुलगा दादासाहेब याला मिळावं. त्या खोलीचं कलम ५ मध्ये येईल.

दादासाहेबाला घराबरोबर माझी एक शिफारसही मिळते, आणि ती घेतल्याशिवाय घर घेऊ नये. शिफारस 'मिठाचं सिंहासन' या कादंबरीची, खंड तीन. बाळा, तू प्लॉटिंगवाल्यांबरोबर उठबस करतोस, तुला हे राजाचं पुस्तक नसून तुझंच वाटेल. त्या राजाकडे समुद्राकाठची मिठागरं असतात. एकेक पाहुणा येतो, एकेक मिठागर मागतो आणि बदल्यात सिंहासनाला एकेक पायरी जोडून देतो. तिसऱ्या खंडात राजा इतका उंच बसलेला असतो की खालच्या माणसाचं बोलणं त्याला ऐकूच येत नाही, आणि जेवण अळणी असतं. सुरुवातीला वंशावळीची पानं आहेत ती सोडून दे, मी तेवढ्यात डुलकी काढली होती. दहावीनंतर तू पुस्तक हातात धरलेलं नाहीस हे मला माहीत आहे. सुनेला वाचायला सांग आणि तू नुसता ऐक. मला जमलं, तुला न जमायला काय झालं?

कलम २. ओढ्यालगतचं भातखाचर सूनबाईच्या नावावर करावं, दादासाहेबाच्या नाही. लावणीला चिखलात ती उतरते, बांधावर उभा राहून फोनवर बोलतो तो. मुलगा रुसेल. रुसू दे. सूनबाईला मी 'दोन नद्यांचा पहारा' सुचवते. त्यात लढाया पुरुष करतात आणि लढाई कुठं व्हायची ते सेनापतीची बायको स्वयंपाकघरातून ठरवते. तिचे हेर म्हणजे धोबिणी, फुलवाल्या आणि एक मुकी दाई. सूनबाई, घरात कुणाच्या पिशवीत काय आलं ते तुला पिशवी न उघडता कळतं. तुझं कसब वाया चाललं आहे. हे पुस्तक वाच.

कलम ३. माझा विळा, खुरपी, तांब्याचा हंडा आणि बसायचा पाट सूनबाईला. माझा फोन नातू ऋषिकेशला परत. त्याने मोठ्या प्रेमाने त्यात बोलकी पुस्तकं भरून दिली होती. गोड आवाज आहे त्यातल्या बाईचा, पण तिला मध्येच "म्हंजी?" म्हणून विचारता येत नाही, आणि "थांब, गॅसवर दूध हाय" म्हटलं तरी ती आपली राजाला मारून मोकळी होते. ऋषी, रागावू नकोस. मला गोष्ट हवी असते तेवढीच सांगणारं माणूसही हवं असतं. हे वाक्य पुढे कामाला येणार आहे, म्हणून नीट लिही गं.

कलम ४. जाऊबाई गंगूबाई. हिच्याशी माझं भातावरून, बांधावरून, एकदा कोंबडीवरून भांडण झालं. ते सगळं मी माफ केलं. एक माफ केलेलं नाही. 'आरसेगडची वारसदार' या कादंबरीचा दुसरा खंड आम्ही ऐकत होतो. राजकन्येचा बाप लढाईत गेला असं सगळं राज्य समजत होतं, मी दोन दिवस नीट जेवले नव्हते. गंगूबाईने आपल्या नातवाकडून फोनवर पुढचं काढून घेतलं आणि भिंतीवरून ओरडली, "अगं साळे, कशाला रडतीस? जिता हाय त्यो! तळघरात हाय!" तेव्हापासून मी तिच्याकडे सत्यनारायणाला जाते पण खुर्चीवर बसत नाही. माझ्या मागे तिला माझ्या चांदीच्या मासोळ्या द्याव्यात. सोबत 'मिठाचं सिंहासन'ही द्यावं, पण शेवटचं प्रकरण दोऱ्याने शिवून.

इथे मला पुस्तकं सुचवण्याबद्दल सगळ्यांसाठी थोडं सांगायचं आहे. कारण मृण्मयीने एकदा माझा आवाज फोनमध्ये धरून वाचणाऱ्यांच्या कुठल्याशा गटात पाठवला आणि तेव्हापासून नव्या इमारतींतल्या पोरी मला रस्त्यात अडवून विचारतात, "आजी, पुढचं कोणतं घेऊ?" त्यांना वाटतं मी फार वाचलेली बाई आहे.

तर मुलींनो, नकाशा असलेलं पुस्तक घ्या. अक्षर मला कळत नाही, पण नकाशा कळतो. जन्मभर बांध आणि ओढे बघितलेत. नदीच्या दोन काठांना दोन राज्यं असली की लग्न आणि लढाई दोन्ही होणार, हे उघडायच्या आधीच समजावं. घाटवाट एकच असेल तर तिथं कुणीतरी दगा देणार. पहिल्याच खंडात दोघं गळ्यात पडले तर पुस्तक परत करा, पुढे नुसती भांडी वाजतात. आरसेगडात सेनापती दोन खंड राजकन्येच्या घोड्याचा पट्टा आवळून देतो, दुसरं काही नाही, आणि ती एकदाही मागे वळून बघत नाही. तिसऱ्या खंडात एक दिवस ती म्हणते, आज मी आवळते, आणि ती त्याच्या घोड्याचा पट्टा आवळते. आम्ही दोघी रडलो. मृण्मयीला पुढचं दिसेना, म्हणून चहा करून मग पुढं वाचलं.

हे सगळं खरं. पण एक मी कुणाला सांगितलं नाही. मृण्मयीबरोबर मी वाचनालयात जायचे तेव्हा नकाशा नंतर बघायचे. आधी पुस्तक हातात तोलून बघायचे. जड असेल ते घ्यायचं. एका कथेचे जितके खंड तितकं बरं. "आजी, तुम्हाला मोठीच का आवडतात?" असं तिने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "लहान गोष्टीत जीव रमत न्हाई." वाचनालयातल्या बाईंनी ते पाटीवर लिहून लावलं. खरं कारण वेगळं होतं. भाडेकरू पोरी येतात, अकरा महिन्यांचा करार करतात आणि जातात. पुस्तक अर्धं असलं की माणूस करार पुढं वाढवतं.

(मृण्मयी हसते आहे. हस. पुढचं कलम तुझंच आहे.)

कलम ५. उत्तरेकडची शेवटची खोली, स्वतंत्र दार, मागचा ओटा आणि पेरूच्या झाडासकट, मृण्मयी शिवराज बिडवे हिला मिळावी. ती तिथे राहील तोपर्यंत तिच्याकडून भाडं घेऊ नये, तिला उठवू नये, दादासाहेबाने तिथं जिना काढायचा विचारही करू नये.

गुरुजींनी खाकरून विचारलं, "वहिनी, भाडेकरूला खोली? कारण विचारतील लोक."

मृण्मयी म्हणते, "आजी, मला नको खोली. आणि कायद्याला कारण लागत नाही."

कायद्याला लागत नसेल. मला लागतं. लिही.

ही पोर आली त्या आठवड्यात ओट्यावर बसून एकटीच हसत होती. मी विचारलं, "काय गं, कुणाला हसतीस?" ती म्हणाली, "पुस्तकाला." मी म्हटलं, "मग मला बी हसव." तिथून सुरू झालं. कंपनीची बस तिला कोपऱ्यावर सोडायची, ती तोंड धुऊन यायची, आणि मी तोवर शेंगा भाजून ठेवलेल्या असायच्या. राजाला तिचा जाड आवाज, दाईला किनरा, आणि मंत्री कर्दमाला असा थंड आवाज की अंगावर काटा यायचा. भिवाजी गेल्यापासून या घरात संध्याकाळी माझ्याशी कुणी इतकं बोललं नव्हतं. मुलगा, सून चांगली आहेत, ती विचारतात, "जेवलीस का?" ही विचारायची, "आजी, तुम्ही राणी असता तर काय केलं असतं?"

मग निरंजनचं स्थळ आलं. निरंजन नाशिकला असतो, कारखान्यात इंजिनिअर. दोघं भेटले, परत भेटले. पहिल्या भेटीत तिने त्याला आरसेगड सुचवलं होतं, आणि दुसऱ्या भेटीला तो पहिले तिन्ही खंड वाचून आला, का तर सेनापतीवरून तिच्याशी भांडता यावं म्हणून. ती घरी येऊन मला म्हणाली, "आजी, हा वाचतो." एवढंच म्हणाली, पण त्या दिवशी शेंगा जळल्या तरी तिने त्या खाल्ल्या. बोलणी पुढं गेली असती तर तुळशीचं लग्न झालं की हिचं, आणि ही नाशिकला. आमचा तेव्हा चौथा खंड नुकता सुरू झाला होता.

नवरात्राच्या आधी, ती कामावर गेलेली असताना, महाळुंग्याहून निरंजनचे मामा दयानंद आणि त्याची मामी आमच्याकडे आली. मुलीचे आईबाप दूर, म्हणून मुलगी राहते तिथं चौकशी. रीतच आहे ही. पत्रिका भटजी बघतो, नोकरी वडील बघतात, पण मुलगी कशी आहे ते घरमालकिणीला विचारतात. मी चहा ठेवला. मामी म्हणाली, "आजी, मुलगी कशी आहे हो? तुमच्या डोळ्यांसमोर असते, म्हणून तुम्हालाच विचारतोय."

आता आरसेगडाच्या दुसऱ्या खंडातला मंत्री कर्दम. त्याला राजकन्या परमुलखात जायला नको असते. उत्तरेचे दूत येऊन विचारतात, राजकन्या कशी आहे? तो तिच्याबद्दल वाईट शब्द बोलत नाही. तो पाण्याचा पेला उचलतो, सावकाश पितो, खाली ठेवतो आणि म्हणतो, "राजकन्येला घोड्यावर उत्तम बसता येतं." दूत आपले घोडे वळवतात. त्या वेळी मी मांडीवर थाप मारून शाबास म्हटलं होतं, तुला आठवत असेल.

मी तांब्या उचलला. पाणी प्यायले. पदराने तोंड पुसलं. आणि म्हटलं, "भाडं येळेवर देती."

मामीने मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "आणि बाकी?"

"बाकी तुमी शिकलेली माणसं. मी अडाणी बाई काय सांगू?"

चहा निम्मा टाकून ती दोघं गेली.

*(मृण्मयीने इथे पेन खाली ठेवले. इथून पुढचे हस्ताक्षर माझे. — बंडोपंत आगाशे, निवृत्त प्राथमिक शिक्षक, चांदे.)*

मजकूर पुढे लिहिण्यापूर्वी जे घडले ते नोंदवतो, कारण लिहून देणार बाईंचा तसा आग्रह आहे.

मृण्मयी म्हणाली, "आजी, त्यांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप पाठवला होता."

बाई म्हणाल्या, "पत्रिका जुळत हुती."

"तुम्हाला हे तेव्हाही माहीत होतं?"

"व्हय."

"दोन महिने तुम्ही माझ्याकडून वाचून घेत होतात. आणि मी रोज विचारत होते, आजी, पाठ दुखतेय का, उशी देऊ का."

मृण्मयी उठून अंगणात गेली. मी म्हटले, "वहिनी, आज एवढेच राहू द्या." बाई म्हणाल्या, "न्हाई गुरुजी. आज ऱ्हायलं तर मी उद्या दुसरंच काय तरी सांगंन. मी बोलते ते 'मी' म्हणूनच लिहा, 'बाई' करू नका." सबब त्यांच्याच शब्दांत, शक्य तेवढे शुद्ध करून, लिहितो.

कलम ५, पुढे चालू. मला तिला कायमचं अडवायचं नव्हतं. चौथा खंड संपेपर्यंत, एवढंच माझ्या मनात होतं. वाटलं, ते लोक थोडे रेंगाळतील, परत विचारतील, तेव्हा मी भरभरून सांगीन की अशी पोर दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. पण चौकशीला आलेली माणसं परत विचारत नसतात. ती उठतात आणि दुसऱ्या घरी जाऊन बसतात. हे मला माहीत होतं. मीच माझ्या नणंदेच्या वेळी अशी उठून आले होते. माहीत असून पाणी प्यायले.

निरोप आला त्या संध्याकाळी मला वाटलं, आज ही येणार नाही. ती आली. म्हणाली, "आजी, आज सेनापती कैदेतून सुटतो." आणि वाचायला लागली. एक पान वाचून झालं, तिने उलटलंच नाही, तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिला कळलं नाही. मला कळलं. एरवी मी "म्हंजी?" म्हणून चार ठिकाणी अडवते. त्या दिवशी मी दोन्ही वेळा गप्प ऐकून घेतलं, आणि सेनापती दोन वेळा सुटला.

चौथा खंड दिवाळीत संपला. राजकन्या सरहद्दीवर उभी आहे, पलीकडच्या काठावर मशाली आहेत, आणि त्या कुणाच्या ते कळत नाही. मृण्मयी पुस्तक मिटून म्हणाली, "आजी, पाचवा आहे." मला आनंद झाला. हे लिहा, गुरुजी. आधी आनंद झाला. लाज नंतर वाटली, रात्रीच्या भाकऱ्या थापताना. आनंद आधी आला याचीच मला जास्त लाज वाटते.

गेल्या आठवड्यात छातीत कळ आली आणि पौडला नेलं. डॉक्टर म्हणाले, जपा. सगळे रडले, आणि तिथं पलंगापाशी ही पोर आरसेगड घेऊन आली होती, मधलाच एक भाग, मला आवडतो तो. तेव्हा ठरवलं की खोली हिला द्यायची. म्हटलं, खोली दिली की फिटलं.

आत्ता सांगता सांगता कळतंय की खोली म्हणजे तोच डाव आहे, फक्त विटांचा. त्या कलमात मीच घातलंय, 'ती तिथे राहील तोपर्यंत'. गुरुजी, ती अट काढा. खोली तिची. राहो, विको, कुलूप लावून जावो.

(मी विचारले, "वहिनी, अट काढली तर ती खोली विकून कायमची जाईल, चालेल?" त्यावर बाईंनी पेरूच्या झाडाकडे बघितले. मग "काढा" म्हणाल्या. अट खोडली आहे. खाडाखोडीवर अंगठा घेतला आहे.)

कलम ६. माझ्या मागे दादासाहेबाने महाळुंग्याला दयानंदरावांच्या घरी जावं आणि सांगावं की आमच्या आईने त्या दिवशी...

इथे मी लिहिणे थांबवून सांगितले की मृत्युपत्र माणसाच्या मागे वाचतात, आणि तोपर्यंत त्या मुलाची पोरे शाळेत जायला लागतील. बाई म्हणाल्या, "मग आत्ताच लावा फोन त्या मामीला. मी सांगते."

मी म्हटले, "पुन्हा त्या मुलीच्या मागे? तिला विचारलेत का?"

बत्तीस वर्षे मुलांवर ओरडलो, पण माझ्या बोलण्याने कुणाचा चेहरा असा झालेला मला आठवत नाही. त्या उठल्या, दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मृण्मयी, त्या लोकांना मी फोन करू का गं?"

अंगणातून आवाज आला, "नको. माझ्याबद्दल तुम्ही आता कुणालाच काही सांगू नका." थोड्या वेळाने, "मी करते. मामीला नाही. त्यालाच."

ती पेरूखाली जाऊन बोलू लागली. बाई परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, दार लावा. ऐकू येतंय."

दार लावले.

"पंखा बी लावा. मोठा."

नोव्हेंबर आहे, तरी लावला. कागदांवर तांब्या ठेवायला गेलो तर बाई म्हणाल्या, "तो नको, दुसरं काय तरी ठेवा." पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवला.

कलम ६ खोडले. त्याऐवजी असे: आरसेगडचा पाचवा खंड मला कुणी वाचून दाखवू नये. मृण्मयीने नाही, सूनबाईने नाही, फोनमधल्या बाईनेही नाही. राजकन्या सरहद्दीवर आहे तिथंच माझ्यापुरती राहू दे. ज्यांना वाचायचं त्यांनी जरूर वाचावं. मोठं, राजकारणाचं आणि प्रेमाचं असं पुस्तक मला यापेक्षा चांगलं भेटलेलं नाही, ही माझी शिफारस कायम आहे. पुस्तकाचा काही दोष नाही. कर्दम पाणी प्यायला तो मुलूख वाचवायला. मी माझी संध्याकाळ वाचवायला प्यायले. वाचताना आपण कुणाला शाबास म्हणतो याकडे मात्र लक्ष ठेवावं, एवढं मी सांगते. हे कलम गंगूबाईला मोठ्याने वाचून दाखवावं, आणि तिने पाचव्याचा शेवट भिंतीवरून ओरडू नये अशी तिला विनंती. हुकूम नाही, विनंती.

दार उघडून मृण्मयी आत आली. पंखा बंद करून म्हणाली, "उद्या रविवारी दुपारी तो आणि घरचे नाशिकहून दुसरीकडे मुलगी बघायला निघणार आहेत. मामांनी ठरवलंय. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यालाही पत्रिकेचंच सांगितलं होतं."

बाई म्हणाल्या, "मग? मामाशी भांडंल का त्यो?"

"माहीत नाही. शांत आहे तो."

"सेनापतीवानी?"

"आजी, गप्प बसा."

मग साक्षीदारांचा प्रश्न आला. एक मी. दुसरे म्हणून दादासाहेब तयार होते, परंतु ज्याला मिळकत मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद होतात, हा शिरस्ता मी सांगितला. तसेच सूनबाई, ऋषिकेश, गंगूबाई यांचेही. मी म्हटले, कुणीतरी असे हवे की ज्याला या कागदातून काहीच मिळत नाही.

मृण्मयी म्हणाली, "मी करते सही."

मी म्हटले, "तुला खोली मिळते आहे, बाळ."

"मला नको. कलम खोडा."

बाईंनी हाताने खोडायची खूण केली. मी कलम ५ मधला खोली देण्याचा भाग खोडला. कारणाचा भाग खोडू का, असे विचारले. मृण्मयी म्हणाली, "तो राहू दे." कलम १ मधले 'उत्तरेकडची शेवटची खोली सोडून' हे शब्दही खोडले; ती खोली आता दादासाहेबांकडे जाईल.

वरील सर्व मजकूर मी बाईंना वाचून दाखवला. त्यांनी मध्ये एकदाही अडवले नाही. मजकूर आपलाच असल्याचे सांगून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला आहे.

साळूबाई भिवाजी मांडेकर यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी

ठिकाण: मौजे चांदे, ता. मुळशी, जि. पुणे
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार पहिला: बंडोपंत आगाशे. निशाणी माझ्यासमक्ष झाली. मजकुरातील खाडाखोड सर्व ठिकाणी बाईंच्या संमतीने केली आहे.

साक्षीदार दुसरी: मी, मृण्मयी शिवराज बिडवे, लिहिते की साळूबाईंनी हा अंगठा माझ्यासमोर उठवला. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. त्या पाहुण्यांसमोर बसल्या होत्या तेव्हाही पूर्ण शुद्धीवर होत्या, असे त्यांनीच वर सांगितले आहे. उद्या पहाटेच्या गाडीने मी नाशिकला निघत आहे, ते लोक घरातून निघायच्या आत पोचेन. शेंगांचा डबा आणि आजींच्या गोळ्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी ठेवल्या आहेत, सूनबाईंना दाखवल्या आहेत. परत कधी येणार, हे मी आजींना सांगितलेले नाही.

मृण्मयी शि. बिडवे